सर्व्हरची हाक आणि वहीतली नोंद

नारायणगावच्या एका वाचकबंधूंनी वरवर साधा दिसणारा प्रश्न विचारला आहे. टोमॅटोच्या हंगामात त्यांच्या आडतीवर बाहेरगावच्या एका खरेदीदाराची रक्कम दुपारी पावणेदोनला जमा झाली. बँकेच्या नोंदीत तीच वेळ आहे. त्यांच्या मोबाइलवर मात्र सूचना उमटली ती सायंकाळी सहानंतर. मधल्या काळात त्यांनी भरलेली गाडी थांबवून धरली, खरेदीदाराशी शब्दाला शब्द लागला आणि वर्षानुवर्षांच्या व्यवहारात किंतु निर्माण झाला. “रक्कम दुपारी आली, तर बँकेने दुपारीच का कळवले नाही?” असा त्यांचा सवाल आहे.

बँकेने बहुधा दुपारीच कळवले असावे. परंतु यंत्रांच्या जगात ‘कळवणे’ या क्रियेचा अर्थ आपण समजतो तितका सरळ नाही. तो नीट ध्यानी घेतला नाही, तर गाडी उगाच थांबते, आणि क्वचित थांबायला हवी ती गाडी निघूनही जाते. म्हणून या वेळी व्याजदर आणि ठेवी बाजूला ठेवून या विषयाकडे वळू.

एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी ठेवायची म्हटली की त्या दोन वह्या एकमेकींशी जुळत्या ठेवण्याचा खटाटोप आलाच. आपल्या खात्याची मूळ वही बँकेच्या सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर असते. मोबाइलच्या पडद्यावर दिसते ती तिची नक्कल. नक्कल ताजी ठेवण्याचे मार्ग दोन. एक तर मोबाइलने ठराविक वेळाने विचारीत राहावे, “काही नवे आहे काय?” किंवा नवी नोंद पडताक्षणी सर्व्हरने आपण होऊन हाक द्यावी. पहिला मार्ग म्हणजे ग्राहकाने पासबुक घेऊन शाखेत खेटे घालणे, आणि दुसरा म्हणजे शाखेने शिपाई पाठवून निरोप देणे. दर पाच मिनिटांनी विचारायचे ठरवले, तर मोबाइल दिवसाकाठी २८८ वेळा विचारणार, आणि त्यांपैकी बहुतेक वेळा उत्तर येणार ‘काही नाही’. प्रत्येक खेपेस त्याला झोपेतून उठून टॉवरशी बोलावे लागते आणि बॅटरी तिथेच खर्ची पडते. दुसरा मार्ग उघडच शहाणपणाचा. मग अडते कुठे? अडते ते पत्त्यापाशी.

याचा उलगडा करण्यासाठी नारायणगावकरांना फार दूर जावे लागत नाही. जवळच खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी उभी आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह ती पाहिलीही असेल. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या आहेत. मध्यवर्ती इमारतीतून आज्ञा सुटते आणि तिसांच्या तीस तबकड्या आकाशातील एकाच बिंदूकडे वळतात. प्रत्येकीने टिपलेले संकेत इमारतीत परत येतात, आणि दूरच्या तबकडीवरून येण्यास लागलेला उशीर मोजून, वजा करून, सर्वांचा मेळ घातला जातो. येथे केंद्राने हाक द्यावी आणि टोकाच्या यंत्राने तत्काळ ऐकावी हे सहज घडते, कारण प्रत्येक तबकडी जागची हलत नाही आणि तिच्यापर्यंत प्रकाशतंतूची केबल कायमची टाकलेली आहे.

आपल्या खिशातल्या मोबाइलचे तसे नाही. तो सकाळी बाजार आवारात, दुपारी शीतगृहात, रात्री माळशेज घाटात. मोबाइल कंपनी त्याला इंटरनेटवरचा जो पत्ता देते तो तात्पुरता असतो, आणि बहुधा असंख्य ग्राहकांना मिळून एकच असतो. जुन्या वाड्याला बाहेरून एकच घरक्रमांक आणि आत पन्नास बिऱ्हाडे, त्यातला प्रकार. आतल्या माणसाने बाहेर पडून कुणाकडे चौकशी केली, तर उत्तर त्याच्यापर्यंत बिनचूक येते, कारण दारावरचा रखवालदार कोण बाहेर गेले ते लक्षात ठेवतो. परंतु बाहेरून अनाहूत आलेल्याला रखवालदार आत सोडीत नाही. म्हणजे बँकेच्या सर्व्हरला कितीही वाटले, तरी तो आपल्या मोबाइलचे दार थेट ठोठावू शकत नाही.

या अडचणीवर पहिला तोडगा निघाला तो एसएमएसचा. कारण एसएमएस इंटरनेटच्या पत्त्यावर नव्हे, तर मोबाइल क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक कुठे आहे हे कंपनीच्या जाळ्याला ठाऊक असते. सन २००० मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम आदी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘सिंकएमएल’ नावाची एक नियमावली तयार केली. फोनमधील नावे, पत्ते आणि भेटीच्या वेळा सर्व्हरवरील नोंदींशी कशा जुळवाव्यात, याचे ते नियम. त्यात जुळवणीचे सात प्रकार सांगितले होते. दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण, फक्त फोनकडून, फक्त सर्व्हरकडून, असे सहा, आणि सातवा सर्व्हरने पुढाकार घेण्याचा. या सातव्या प्रकाराचे मर्म मला फार आवडते. त्यात सर्व्हर नोंदी पाठवीतच नाही. तो फक्त एक छोटा निरोप पाठवतो, ‘माझ्याकडे या, अमुक वही जुळवायची आहे.’ मग फोन आपण होऊन सर्व्हरकडे जातो, आपली ओळख पटवतो आणि नोंदी घेऊन येतो. हाक सर्व्हरची, चाल फोनची.

आजची व्यवस्था याच तत्त्वाची पुढची पायरी आहे. कॅनडातील ब्लॅकबेरीने १९९९ पासून ई-मेल आपण होऊन हातात आणून देण्याची सवय जगाला लावली होती. ॲपलने २००९ मध्ये आणि गूगलने २०१० मध्ये आपापल्या फोनांसाठी हाकेची सामाईक यंत्रणा उभी केली. आपला अँड्रॉइड फोन सुरू होताच स्वतःहून गूगलच्या सर्व्हरशी एक जोडणी उघडतो आणि ती उघडीच ठेवतो. वाड्यातला माणूस स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला म्हणा ना. फोनमध्ये चाळीस ॲप असली तरी चाळिसांसाठी ही एकच जोडणी. बँकेच्या ॲपचा निरोप बँक गूगलकडे सोपवते आणि गूगल तो या उघड्या जोडणीवरून खाली सोडते. निरोपाची मर्यादा साधारण चार किलोबाइट, म्हणजे देवनागरीत जेमतेम तेराशे अक्षरचिन्हे. त्यात हाक मावते, वही मावत नाही.

फोनची जोडणी तुटलेली असेल, तर निरोप गूगलकडे पडून राहतो, पण अनंतकाळ नव्हे. पाठवणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर मुदत चार आठवड्यांची, आणि एका ॲपचे शंभराहून अधिक निरोप साचले तर सगळेच टाकून दिले जातात. फोन पुन्हा जाळ्यात आला की ॲपला एवढेच कळवले जाते, की मधले निरोप गळाले, आता मूळ वहीशी संपूर्ण जुळवणी करून घ्या. शिवाय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ निश्चल पडून असला, पडदा मिटलेला असला आणि चार्जिंगला लावलेला नसला, तर तो गाढ झोपी जातो. पाठवणाऱ्याने ‘तातडीचा’ असा शिक्का मारलेला निरोपच त्याला तेव्हा उठवू शकतो, बाकीचे ताटकळतात. काही फोन कंपन्या बॅटरी अधिक टिकावी म्हणून आपल्या पदरचे निर्बंध घालतात ते वेगळेच. आमच्या वाचकबंधूंचे ते चार-साडेचार तास यांपैकी कोणत्या कारणाने गेले हे इथे बसून सांगता येणार नाही. परंतु फोन शीतगृहाच्या जाड भिंतींआड होता काय, आणि बँकेच्या ॲपवर ‘बॅटरी बचत’ लागू आहे काय, हे त्यांनी आधी पाहावे. त्यांनी त्या दुपारी ॲप स्वतः उघडले असते, तर रक्कम तेव्हाही दिसली असती. हाक अडली होती, नोंद नव्हे.

हाक आणि नोंद यांतला हा भेद आम्हा जुन्या बँकवाल्यांना नवा नाही. संगणकाचे जाळे येण्यापूर्वी प्रत्येक शाखेची खतावणी स्वतंत्र असे. एका शाखेने दुसऱ्या शाखेवर ड्राफ्ट काढला, की त्याची ॲडव्हाइस टपालाने रवाना होई, आणि दोन्ही शाखा आपापल्या नोंदींचा गोषवारा मुख्य कार्यालयास धाडीत. तेथे शाखांतर्गत ताळमेळ विभागात माणसे ओळीने बसून टिक मारीत. टपाल उशिरा येई, कधी गहाळ होई. ग्राहक ड्राफ्ट घेऊन खिडकीशी हजर आणि ॲडव्हाइसचा पत्ता नाही, हा नित्याचा प्रसंग. म्हणून ग्राहकाला परत पाठवीत नसत. ड्राफ्टवरील सह्या नमुन्यांशी पडताळून रक्कम दिली जाई आणि ‘ॲडव्हाइसविना दिलेले ड्राफ्ट’ अशा स्वतंत्र सदरी तिची नोंद होई. ॲडव्हाइस आली की ती नोंद मिटे. तारेने पैसे पाठवले, तर तारेत एक गुप्त सांकेतिक आकडा असे, आणि तो जुळल्याखेरीज कुणीही पैशाला हात लावीत नसे. तार आली म्हणजे ती आपल्याच शाखेकडून आली असे मानण्याची मुभा नव्हती. सिंकएमएलच्या धर्तीवर पुढे आलेल्या नियमांतही सर्व्हरच्या हाकेसोबत असाच एक पडताळणीचा संकेत असतो.

आणखी एक साम्य पाहण्याजोगे आहे. फोन आणि सर्व्हर, दोघेही शेवटची जुळवणी कुठवर झाली याची खूण जपून ठेवतात. पुढल्या भेटीत प्रथम खुणा पडताळतात. जुळल्या, तर त्यानंतरच्या नव्या नोंदी तेवढ्या देतात-घेतात आणि क्षणात काम उरकते. न जुळल्या, तर मात्र पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी वही ओळीने ताडून पाहावी लागते. सिंकएमएलमध्ये याला ‘संथ जुळवणी’ असेच नाव होते. दिवाळीच्या आधी दिवाणजींच्या दोन वह्यांच्या बेरजेत साडेसात रुपयांचा फरक निघाला, की पाडव्यापासूनचे पान न् पान उलटावे लागते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘संथ’ या शब्दातील वेदना कळेल. नवा फोन घेतल्यावर किंवा ॲप काढून पुन्हा घातल्यावर पहिल्या दिवशी ते रेंगाळते, तेही बहुधा याचमुळे. त्याच्यापाशी जुनी खूण नसते. ताळमेळ वर्षानुवर्षे तुंबू दिला तर काय होते, याचा धडा देशाने १९९२ च्या रोखे घोटाळ्यात घेतला. बँकांची पुस्तके आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातील नोंदी यांचा मेळ नाही हे जानकीरामन समितीच्या चौकशीत पुढे आले, तोवर उशीर झाला होता.

आता पुन्हा पेढीवर येऊ. यूपीआयने रक्कम आली, की निदान दोन वेगवेगळ्या हाका सुटतात. बँकेचा एसएमएस ही एक, आणि आपण वापरतो त्या ॲपची सूचना ही दुसरी. त्या दोन निरनिराळ्या सर्व्हरांकडून, निरनिराळ्या वाटांनी येतात. म्हणून एक आली आणि दुसरी नाही, यात नवल नाही. दुकानातला बोलका डबा ही तिसरी हाक. त्याला स्वतःचे सिमकार्ड असते, आणि तोही आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून बसलेला असतो. काही सेवांत डबा ‘प्राप्त झाले’ म्हणतो तेव्हा रक्कम कंपनीच्या हिशेबात पोचलेली असते, आणि आपल्या बँक खात्यावर ती नंतर, दिवसभराच्या विक्रीची एकत्रित अशी येते. त्यामुळे रोजमेळ लिहिणाऱ्याने डब्याच्या घोषणा एका स्तंभात आणि बँकेतील जमा दुसऱ्या स्तंभात ठेवावी. दोन्ही एकच समजून चालणाऱ्या पेढ्यांत मार्चअखेर सनदी लेखापालांचा आवाज चढतो.

ग्राहकाने पुढे केलेला त्याच्या मोबाइलचा पडदा तर हाकही नव्हे. ते परक्याच्या नकलेचे चित्र, आणि चित्र कुणीही काढू शकतो. गर्दीच्या वेळी तरण्या नोकराला हे समजावून ठेवणे गल्लेवाल्याचे काम आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव मिळत होता. अशा दिवसांत एका खोट्या पडद्यावर गेलेला टेंपो किती महागात पडेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

खरीखुरी हाक हरवली तर नियम काय म्हणतात? रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याचा नेमका विचार आहे. यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली रक्कम देणाऱ्याच्या खात्यातून वजा झाली, पण घेणाऱ्याच्या खात्यावर जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेली पाहिजे. व्यापाऱ्याला दिलेल्या रकमेची खातरजमा व्यापाऱ्याच्या ठिकाणी पोचलीच नाही, तर पाच दिवसांत. मुदत टळल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. म्हणून “पैसे कापले गेले, तुमच्याकडे आले नाहीत” असे म्हणणाऱ्या ग्राहकाशी हुज्जत घालू नये. त्याच्याकडून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून घ्यावा, आपली मूळ नोंद पाहावी, आणि ती नसेल तर परताव्याची ही मुदत त्याला सांगावी.

परंतु हाकेला सर्वांत अधिक वजन आले आहे ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत आपल्या संमतीविना खात्यातून रक्कम गेली, आणि दोष ना बँकेचा ना आपला, मधल्या कुणाचा असेल, तर ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेस कळवल्यास त्याच्यावर काहीही तोशीस पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याच्या डोक्यावरची मर्यादा खात्याच्या प्रकारानुसार ठरते: साध्या बचत खात्यास दहा हजार रुपये, सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या चालू वा कॅश क्रेडिट खात्यासही दहा हजार, आणि त्यात न बसणाऱ्या मोठ्या चालू खात्यांस पंचवीस हजार. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू. पासवर्ड वा ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान आपलेच. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात असेच परिपत्रक निघाले.

यातील मोजणी कुठून सुरू होते हे बारकाईने पाहा. रक्कम गेली त्या क्षणापासून नव्हे, तर बँकेचा निरोप ग्राहकास मिळाला तेव्हापासून, आणि तो मिळाल्याचा दिवस धरायचा नाही. म्हणजे सर्व्हरची हाक ही आता केवळ सोय उरलेली नाही; तिच्यावर कोण किती नुकसान सोसणार हे ठरते. म्हणूनच त्या परिपत्रकाने बँकांना बजावले, की ग्राहकाची एसएमएस सूचनांसाठी सक्तीने नोंद करून घ्या, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. परंतु आपण नोंदवलेला क्रमांक जुना असेल, आणि हाक तिकडे जाऊन पोचत असेल, तर या संरक्षणाचा उपयोग करून घेणे कठीण होऊन बसते.

तेव्हा दोन-तीन कामे याच आठवड्यात उरकावीत. बँकेच्या आणि पैशाच्या ॲपना फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी बचतीतून वगळावे. भ्रमणध्वनी विकणारा मुलगाही दोन मिनिटांत करून देतो. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचे अक्षर पाहण्याची सवय लावावी: ट्रायच्या २०२५ च्या सुधारित नियमांनुसार ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे शासन. साध्या दहा आकडी क्रमांकावरून ‘तुमच्या खात्यावर जमा’ असा संदेश आला, तर तो बँकेचा धरू नये. महिनाअखेर उतारा घेऊन रोजमेळाशी ताडावा, म्हणजे संथ जुळवणीची पाळी वर्षातून एकदा येण्याऐवजी महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी उरकते.

आणि भागीदारी पेढीच्या चालू खात्याला कुणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, हे शाखेत जाऊन एकदा विचारून यावे. माझ्या नोकरीतील अनुभव असा, की अनेक पेढ्यांत तो केव्हाच काम सोडून गावी गेलेल्या दिवाणजींचा निघतो. क्रमांक बदलण्यासाठी सर्व अधिकृत भागीदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो, आणि त्यांपैकी एक जण नेमका पुण्याला किंवा मुंबईला असतो. म्हणून अर्ज आधी सह्या करून घेऊनच शाखेत जावे.